नापास टेस्टने काय सांगावं?

'असर्शन फेल्ड. एक्स्पेक्टेड ट्रू, गॉट फॉल्स.' ऑटोमेटेड टेस्टशी ज्याचा रोजचा संबंध आहे, त्याच्या नजरेखालून ही ओळ शेकडो वेळा गेलेली असते. काहीतरी खरं निघायला हवं होतं आणि ते निघालं नाही, इतकंच ती सांगते. काय खरं निघायला हवं होतं, कोणत्या ग्राहकाच्या बाबतीत, किती रकमेवर, यातलं काहीही तिच्यात नसतं. मग माणूस टेस्ट उघडतो, तिथून हेल्पर उघडतो, मध्ये दोन प्रिंट टाकतो, पुन्हा चालवतो. दुपार अशीच जाते.

मी पुण्यात बिलिंग आणि पेमेंटच्या सॉफ्टवेअरवर काम करते. सुरुवात जावाने झाली, आता बरंचसं काम गो आणि पायथनमध्ये चालतं. टेस्ट लिहिण्यापेक्षा फुटलेल्या टेस्ट वाचण्यातच माझा जास्त वेळ गेला आहे, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं: तपासणीच्या हेल्परचं मोल टेस्ट लाल होते तेव्हाच कळतं. हेल्पर म्हणजे तपासणीच्या त्याच त्या चार ओळी पन्नास टेस्टमध्ये लिहाव्या लागू नयेत म्हणून वेगळं काढलेलं छोटं फंक्शन. लिहिणारा ते आपलं टायपिंग वाचावं म्हणून लिहितो. वाचणारा बहुतेक वेळा दुसराच असतो. टीममध्ये नुकती आलेली मुलगी, किंवा रिलीजच्या आदल्या संध्याकाळी सीआयचा लॉग खाली-वर करणारा सहकारी. त्याने ती टेस्ट आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेली असते. पुढचे बोल त्या वाचणाऱ्याच्या बाजूने आहेत.

१. आधी नापासाचा संदेश लिहा, तपासणी मागाहून.

तपासणीचा कोड दोन ओळींचा असतो, तो कुणालाही जमतो. डोकं लागतं ते संदेशाला. त्यात चार गोष्टी असाव्यात: कोणतं फंक्शन चालवलं, त्याला काय दिलं, त्याने काय दिलं आणि काय द्यायला हवं होतं. गो भाषेच्या मंडळींनी हा रिवाज चांगला रुजवला आहे. त्यांच्या टेस्टमध्ये 'गॉट' आणि 'वाँट' ही जोडी जागोजागी भेटते, आणि तिच्या आधी फंक्शनचं नाव आणि इनपुट असतं. त्याच धर्तीवरचा एक संदेश पाहा:

पैशांत_रूपांतर(१.१५ रुपये) = ११४, हवे होते ११५

ही ओळ वाचली की कोड न उघडताही जाणकाराच्या लक्षात येतं, की कुणीतरी फ्लोटला शंभराने गुणून पुढचा अपूर्णांक छाटून टाकलाय. संगणकाच्या फ्लोटमध्ये १.१५ गुणिले १०० चं उत्तर ११५ येत नाही, ११४.९९९९९९९९९९९९९९ येतं, आणि छाटल्यावर ११४ उरतात. एका ओळीत रोगाचं निदान झालं.

हीच टेस्ट 'असर्ट-ट्रू' वापरून लिहिली असती तर? तुलना कंसाच्या आत होऊन गेली असती आणि हेल्परच्या हाती फक्त होकार किंवा नकार पडला असता. ११४ आणि ११५ हे दोन्ही आकडे त्याच्यापर्यंत पोचलेच नसते, मग तो ते छापणार कुठून? म्हणून हेल्परला निकाल देऊ नका, व्हॅल्यू द्या. निकाल त्याला लावू दे.

२. हवं असलेलं आधी की मिळालेलं आधी, हे एकदा ठरवा आणि टीमभर पाळा.

जावातल्या जेयुनिट या टेस्ट फ्रेमवर्कचा पहिला अवतार केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात लिहिला. त्यांच्या 'असर्ट-इक्वल्स'मध्ये हवं असलेलं आधी, मिळालेलं नंतर. त्याच जावाच्या जगातल्या टेस्टएनजीमध्ये क्रम नेमका उलटा. गोमध्ये रिवाजाने मिळालेलं आधी. दोन प्रकल्पांत एकाच वेळी काम करणाऱ्याचा यात हमखास गोंधळ होतो. क्रम उलटा पडला की संदेश उलटं सांगतो आणि वाचणारा बरोबर असलेल्या कोडमध्ये दोष शोधत बसतो. टेस्ट पास होत असते तोवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

यातली सर्वांत छुपी गोष्ट जेयुनिट चारवरून पाचवर जाताना भेटते. चारमध्ये संदेशाची स्ट्रिंग पहिली द्यायची असते, पाचमध्ये (ही आवृत्ती २०१७ ची) ती शेवटी गेली. तीनही आर्ग्युमेंट स्ट्रिंग असतील तर जुनी ओळ नव्या आवृत्तीतही बिनतक्रार कंपाइल होते. 'असर्ट-इक्वल्स' असेल तर निदान ती लगेच फुटते, कारण आता संदेशाची तुलना हव्या असलेल्या व्हॅल्यूशी होते. पण 'असर्ट-नॉट-इक्वल्स' असेल तर? संदेश आणि नको असलेली व्हॅल्यू यांची तुलना होणार, ती दोन वेगळीच असणार, आणि टेस्ट कायमची हिरवी. इम्पोर्ट बदलून स्थलांतर उरकणाऱ्या प्रत्येक टीमने 'नॉट-इक्वल्स'च्या ओळी हाताने तपासाव्यात असं मी आग्रहाने सांगते.

३. लाल ओळीने टेस्टकडे बोट दाखवावं, हेल्परकडे नाही.

तपासणी हेल्परमध्ये नेली की पहिलं नुकसान ओळीच्या क्रमांकाचं होतं. चाळीस टेस्ट एकच हेल्पर वापरत असतील, तर फुटलेली प्रत्येक टेस्ट त्या हेल्परच्या त्याच एका ओळीचा क्रमांक छापते, आणि खरी जागा कुठली ते कळत नाही. हे दुखणं सगळ्यांचंच होतं, म्हणून बहुतेक भाषांनी त्यावर उपाय केला. गोमध्ये ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या १.९ या आवृत्तीपासून 'टी डॉट हेल्पर' आहे. हेल्परच्या पहिल्याच ओळीत तो बोलावला की क्रमांक छापताना ते फंक्शन वगळलं जातं. हेल्पर दुसऱ्या हेल्परला बोलावत असेल तर साखळीतल्या प्रत्येकात ती ओळ हवी, एकात राहिली की क्रमांक तिथेच अडकतो. रस्टमध्ये 'ट्रॅक-कॉलर' हे लेबल फंक्शनवर लावायचं, ते २०२० च्या ऑगस्टमध्ये १.४६ मध्ये पक्कं झालं. पायटेस्टमध्ये फंक्शनच्या आत 'ट्रेसबॅक-हाइड' हा व्हेरिएबल ट्रू केला की ती पायरी दाखवली जात नाही.

पायटेस्टचं आणखी एक सांगायला हवं, कारण अनेकांना ते ठाऊक नसतं. पायथनचा साधा 'असर्ट' फुटल्यावर पायटेस्ट दोन्ही बाजूंच्या व्हॅल्यू इतक्या नीट दाखवतं, ते टेस्टची फाइल लोड करताना त्यातले असर्ट नव्याने लिहून काढतं म्हणून. पण हे ते टेस्टच्या फाइली, कॉनफटेस्ट आणि नोंदवलेले प्लगइन यांच्यापुरतंच करतं. तुम्ही हेल्पर एका वेगळ्या साध्या मॉड्यूलमध्ये हलवलेत की तिथला असर्ट कोरडा 'असर्शन-एरर' देतो, ना आकडे ना तुलना. नीटनेटकेपणा करायला जावं आणि संदेश मुके व्हावेत, असं होतं. 'रजिस्टर-असर्ट-रीराइट' ही एक ओळ, मॉड्यूल इम्पोर्ट होण्याआधी, एवढाच उपाय आहे.

४. 'एरर आली' एवढ्यावर समाधान मानू नका.

या एका मुद्द्यावर मी रिव्ह्यूमध्ये सर्वांत जास्त अडून बसते.

एररसाठीचा हेल्पर बहुतेक प्रकल्पांत एकाच साच्याचा असतो. त्याला एरर द्यायची आणि एक होय-नाही द्यायचं: एरर हवी होती का? हवी होती आणि आली, पास. नको होती आणि नाही आली, पास. टेबल लावून लिहिलेल्या टेस्टमध्ये तो अगदी चपखल बसतो, म्हणून सगळीकडे पसरतो. त्यातला दोष असा, की 'हवी' म्हटल्यावर त्याला कुठलीही एरर चालते.

मी जवळून पाहिलेलं एक उदाहरण सांगते. परताव्याचं फंक्शन होतं. ग्राहकाने ५०० रुपये भरले असतील तर ७०० परत मागता येऊ नयेत, हा नियम. टेस्ट होती, एरर हवी असं तीत लिहिलं होतं, ती हिरवी होती. पुढे व्यवहारात चलनाचं फील्ड सक्तीचं झालं. या टेस्टच्या नमुना व्यवहारात चलन भरलेलं नव्हतं, त्यामुळे फंक्शन आता दारातच 'चलन दिलेलं नाही' म्हणून परत फिरू लागलं. एरर हवी होती, एरर आली, टेस्ट हिरवीच. आणखी काही काळाने कोडची फेरमांडणी झाली, तेव्हा रकमेचा नियम एका मार्गावरून निसटला. टेस्ट तरीही हिरवी, कारण ती त्या नियमापर्यंत पोचतच नव्हती. हिशेबाची जुळवणी करणाऱ्या लोकांना आकडे जमेनात, तेव्हा हे उघड झालं. सगळ्यांना वाटत होतं की नियमावर टेस्ट आहे. फाइलमध्ये ती होतीही.

म्हणून एररच्या हेल्परने 'कोणती एरर' हे विचारलंच पाहिजे. गोमध्ये सप्टेंबर २०१९ च्या १.१३ पासून 'एरर्स डॉट इज' आणि 'एरर्स डॉट ॲज' आहेत. एक एरर दुसरीत गुंडाळलेली असली तरी आतली मूळ एरर ते ओळखतात. हेल्परला होय-नाहीऐवजी ती ठरावीक एरर द्या. वरच्या प्रसंगात तो असं म्हणाला असता:

परतावा(भरणा: ५००.००, मागणी: ७००.००): एरर आली 'चलन दिलेलं नाही', हवी होती 'परतावा भरण्यापेक्षा जास्त'

चलनाचं फील्ड सक्तीचं झालं त्याच दिवशी टेस्ट फुटली असती, नमुन्यात चलन भरून कुणीतरी पाच मिनिटांत ती दुरुस्त केली असती आणि नियमावरचा पहारा शाबूत राहिला असता.

अशा हेल्परकडे तीन वेगळे संदेश हवेत: एरर नको होती पण आली, हवी होती पण आलीच नाही, आणि आली पण भलतीच आली. पहिल्या प्रकारात आलेली एरर पूर्ण छापा. 'अनपेक्षित एरर' एवढंच लिहून तिचा मजकूर गिळून टाकणारे हेल्पर मी बरेच पाहिले आहेत, आणि वाचणाऱ्याला नेमका तोच मजकूर हवा असतो.

जावात हाच धडा वेगळ्या रूपात आहे. जेयुनिट चारमध्ये अपेक्षित एक्सेप्शन टेस्टच्या माथ्यावर लिहिता यायचं. ते टेस्टमधल्या कुठल्याही ओळीने फेकलं तरी चालायचं, अगदी तयारीच्या ओळीनेसुद्धा. 'असर्ट-थ्रोज'ने हा प्रश्न सोडवला: ज्या ओळीने फेकायला हवं तेवढीच त्याच्या लॅम्डात ठेवायची, आणि पकडलेलं एक्सेप्शन परत मिळतं, त्याची पुढची तपासणी करता येते. पण त्यालाही नुसतं 'एक्सेप्शन' हा सर्वसाधारण प्रकार दिलात, तर त्याच्या पोटातले सगळे प्रकार चालतात, नल-पॉइंटरसुद्धा. पायटेस्टच्या 'रेझेस'चंही तसंच: विथ-ब्लॉकमध्ये एकच ओळ ठेवा, आणि प्रकार शक्य तितका नेमका द्या.

एररचा मजकूर जुळवायचा मोह इथे होतो. मी तो शेवटचा मार्ग मानते. मजकूर माणसांसाठी असतो. तो सुधारला जातो, त्याचं भाषांतर होतं, कुणीतरी त्यातला पूर्णविराम काढतं. एररला स्वतःचा प्रकार किंवा कोड द्या आणि हेल्परला तो तपासू दे. मजकूरच जुळवावा लागला तर ध्यानात ठेवा, की 'रेझेस'चा 'मॅच' तुमची स्ट्रिंग रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणून वाचतो. त्यातल्या कंसांना आणि टिंबांना वेगळा अर्थ आहे, तेव्हा ती आधी एस्केप करून घ्या.

५. कुठे थांबायचं हे हेल्परच्या नावातच दिसू द्या.

गोमध्ये 'एरर' नोंद करून पुढे जातो, 'फेटल' टेस्ट तिथेच थांबवतो. बिल मिळालंच नाही तर पुढे त्याची रक्कम तपासण्यात अर्थ नाही, थांबा. बिल मिळालं आणि रक्कम चुकली, तर तारीख आणि ग्राहकही तपासून टाका. एकाच फेरीत तीन चुका कळल्या तर बऱ्याचदा तिघींचं मूळ एकच असल्याचंही कळतं. जेयुनिट पाचचा 'असर्ट-ऑल' याचसाठी आहे. आमच्याकडे थांबवणाऱ्या हेल्परच्या नावाची सुरुवात 'मस्ट'ने होते, बाकीच्यांची 'चेक'ने.

दोन खाचखळगे. गोमधला 'फेटल' ज्या गोरूटीनमध्ये टेस्ट चालते तिथूनच बोलवावा लागतो. टेस्टने सुरू केलेल्या दुसऱ्या गोरूटीनमधून बोलावला तर तो टेस्ट थांबवत नाही. आणि सी-प्लस-प्लसच्या गूगलटेस्टमधला 'असर्ट' फक्त ज्या फंक्शनमध्ये आहे तेवढ्यातून बाहेर पडतो. तो हेल्परमध्ये असेल तर हेल्पर संपतो, टेस्ट पुढे चालू राहते, आणि जे मिळालंच नाही त्यावर पुढच्या ओळी आदळतात.

६. दिसायला सारख्या असलेल्या दोन स्ट्रिंगमधला फरक दाखवायला शिका.

मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रत्येक टीमला हे कधी ना कधी भेटतं. ग्राहकाच्या पत्त्यात 'कऱ्हा' असं नदीचं नाव आहे. टेस्ट फुटते आणि संदेश येतो: मिळालं 'कऱ्हा', हवं होतं 'कऱ्हा'. दोन्ही अक्षरं डोळ्यांना एकसारखी. वाचणारा चक्रावतो, पुन्हा चालवतो, मग टेस्टच बिघडली असेल म्हणून ती बंद करून टाकतो.

खरी गोष्ट अशी आहे. हा अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून जास्त रीतींनी लिहिता येतो. एक रीत म्हणजे ०९३१ क्रमांकाचं ऱ हे अक्षर आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्या रीतीत साधा र म्हणजे ०९३०, मग हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. तिसरीत साधा र, त्याखाली वेगळा नुक्ता, मग हलन्त. पहिल्या रीतीने 'कऱ्हा' या शब्दात पाच कोडपॉइंट होतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीने सहा. कोणता कीबोर्ड वापरला, मजकूर कोणत्या जुन्या फाइलमधून आला, त्यावर रीत ठरते.

स्ट्रिंग नॉर्मलाइझ करून घ्या, असं लोक सुचवतात, आणि ते अर्धंच बरोबर आहे. एनएफसी या रूपात तिसरी रीत पहिलीत मिसळते, कारण र आणि नुक्ता यांची जोडी म्हणजेच ऱ, असं युनिकोड मानतं. जॉइनरवाली दुसरी रीत मात्र नॉर्मलाइझ केल्यानेही बदलत नाही, तिची रूपांतराची सोय आपल्यालाच करावी लागते. म्हणजे इथे उत्पादनाचा निर्णय आधी लागतो: आपण साठवताना एकच रीत ठेवणार आहोत का? तो झाला की हेल्परने तो कडकपणे तपासावा. गुपचूप दोन्ही बाजू सारख्या करून पास करणारा हेल्पर मला नको, कारण उद्या ग्राहक याच नावाने शोध घेईल आणि त्याला स्वतःचंच खातं सापडणार नाही.

हेल्परने करायचं ते इतकंच: स्ट्रिंग जुळल्या नाहीत, की पहिला फरक कितव्या जागी आहे ते शोधावं आणि तिथले कोडपॉइंट क्रमांक व नावांसह छापावेत. 'जागा २: मिळालं ०९३० (र), हवं होतं ०९३१ (ऱ)' अशी ओळ दिसली की प्रश्न लगेच सुटतो. शेवटची स्पेस, टॅब, ओळ संपवण्याच्या दोन पद्धती, यांचाही उलगडा त्याच ओळीत होतो. एकदा लिहिलेला हा पंधरा-वीस ओळींचा हेल्पर मी प्रत्येक प्रकल्पात सोबत नेते.

मोठ्या स्ट्रक्चरच्या बाबतीत तत्त्व हेच. चाळीस फील्डचं बिल दोनदा अख्खं छापून वाचणाऱ्याला फरक शोधायला लावू नका, फक्त फरक छापा. गोमध्ये 'सीएमपी डॉट डिफ' हे उत्तम करतो. डिफच्या आधी उणे म्हणजे कोण आणि अधिक म्हणजे कोण हे लिहायला विसरू नका. उणे हवं असलेलं, अधिक मिळालेलं, हा तिथला रिवाज.

७. पैशाच्या तपासणीला 'जवळपास' चालत नाही.

फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ यांचं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, म्हणून 'अप्रॉक्स'सारखे हेल्पर आले. तापमान, अंतर, वेग यांना ते योग्यच आहेत. पण पायटेस्टच्या 'अप्रॉक्स'ची मुळातली सूट अपेक्षित आकड्याच्या दहा लाखाव्या भागाइतकी आहे. एक कोटी रुपयांच्या बेरजेवर ती दहा रुपये होते. नऊ रुपयांचा फरक असला तरी टेस्ट पास! पैसे पूर्णांकात, म्हणजे पैशांच्याच एककात ठेवा, आणि हेल्पर तंतोतंत बरोबरी तपासणाराच असू द्या. जिथे कायदाच पूर्णांक करायला सांगतो, उदाहरणार्थ केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० नुसार कर जवळच्या रुपयात घ्यायचा आणि ५० पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया धरायचा, तिथे टेस्ट ४९ आणि ५० पैशांवर लिहा. सूट देणारा हेल्पर नेमकी हीच सीमा पुसून टाकतो.

८. कधीच नापास न होणारा हेल्पर सर्वांत घातक.

पायथनमध्ये 'असर्ट'नंतर अट आणि संदेश दोन्ही एकाच कंसात घातले, की ते दोन घटकांचं टपल होतं. भरलेलं टपल नेहमीच खरं. अट काहीही असो, तपासणी पास. पायथन याची वॉर्निंग देतो, पण वॉर्निंगच्या गर्दीत ती वाचली जात नाही. दुसरा नमुना लूपचा. 'यादीतला प्रत्येक व्यवहार यशस्वी आहे' हे तपासणारा हेल्पर रिकाम्या यादीवरही पास होतो, कारण तपासायला काहीच नसतं. क्वेरी चुकली, एकही व्यवहार आला नाही, तरी टेस्ट हिरवी. यादीवरच्या हेल्परने आधी संख्या विचारलीच पाहिजे.

म्हणून हेल्परचीही टेस्ट लिहा, आणि तीत तो नापास होतो का हे पाहा. पायथनमध्ये ते सोपं आहे: हेल्परला मुद्दाम चुकीची व्हॅल्यू द्या आणि 'रेझेस'ने असर्शन-एरर पकडा, तिचा संदेशही तपासा. गोमध्ये खऱ्या 'टी'ऐवजी खोटा देता यावा, म्हणून हेल्परला 'हेल्पर' आणि 'एररएफ' एवढेच दोन मेथड असलेला छोटा इंटरफेस घेऊ द्या. खोटा 'टी' आलेले संदेश साठवतो, आपण ते वाचतो. हे फार वाटत असेल तर निदान हाताने करा. कोडमधला नियम कमेंट करा, टेस्ट चालवा, ती लाल होते आहे आणि जे म्हणायला हवं तेच म्हणते आहे याची खात्री करा, मग नियम परत आणा. लाल झालेली कधी पाहिलीच नाही अशा टेस्टवर मी विश्वास ठेवत नाही.

९. हेल्परला बटणं लावत सुटू नका.

'रिस्पॉन्स-तपास(टी, रिस्पॉन्स, ट्रू, फॉल्स, नल, ट्रू)' ही ओळ वाचून काय तपासलं जातंय ते कुणीही सांगू शकणार नाही. प्रत्येक नव्या टेस्टसाठी एक फ्लॅग वाढतो आणि आतला कोड इफ-एल्सने भरतो. शेवटी त्या हेल्परलाच टेस्टची गरज पडते, आणि त्याला हात लावायला सगळे घाबरतात. त्याऐवजी कामाच्या भाषेत नावं असलेले पाच छोटे हेल्पर बरे: 'बिल भरलेलं आहे', 'परतावा नाकारला', 'पावतीवर कर दिसतो'. जेरार्ड मेझारोश यांनी २००७ च्या 'एक्सयुनिट टेस्ट पॅटर्न्स' या पुस्तकात अशा खास तपासण्यांना 'कस्टम असर्शन' म्हटलं आहे, आणि एका टेस्टमध्ये संदेशाविना पंधरा असर्शन कोंबण्याच्या सवयीलाही नाव दिलं आहे: 'असर्शन रूलेट'.

गोच्या कर्त्यांनी तर भाषेसोबत असर्शन मुद्दामच दिले नाहीत. असर्शन हाताशी असले की लोक एररचा नीट विचार आणि नीट मजकूर टाळतात, अशी त्यांची भूमिका. मी हेल्पर लिहिते, तरी ही भूमिका मला मोलाची वाटते. एखादी तपासणी दोनच टेस्टमध्ये असेल, तर साधा 'इफ' आणि नीट लिहिलेला संदेश पुरतो. तिसऱ्या-चौथ्या ठिकाणी तेच दिसलं तर मग हेल्पर काढा.

१०. संदेशात ग्राहकाची खासगी माहिती येऊ देऊ नका.

सीआयचा लॉग खूप जण वाचतात आणि तो बराच काळ टिकतो. अख्खं स्ट्रक्चर छापणारा हेल्पर आधार क्रमांक, कार्ड क्रमांक, टोकन असं सगळं तिथे ओतू शकतो. टेस्टमध्ये खरा डेटा नसावाच. तरीही हेल्परमध्ये अशी फील्ड झाकूनच छापा.

हे वाचून झाल्यावर एक काम जरूर करा. तुमच्या प्रकल्पात सर्वांत जास्त वापरला जाणारा हेल्पर शोधा, त्याच्यावर अवलंबून असलेला एखादा नियम कोडमध्ये मुद्दाम मोडा आणि टेस्ट चालवा. जी लाल ओळ येईल ती तशीच कॉपी करून, बाकी काही न सांगता, टीममधल्या सर्वांत नव्या माणसाला पाठवा आणि काय बिघडलंय ते विचारा. त्याला ते ओळीवरून सांगता आलं नाही, तर हेल्पर त्याच दिवशी दुरुस्त करा.